घरात कौटुंबिक उपासना कशी सुरू करावी आणि ती घरभर कशी पसरू द्यावी

आमचं घर ख्रिस्ती. घरची उपासना मध्ये चार-पाच वर्षं बंद पडली होती. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाणं चुकत नव्हतं, दारावर बायबलच्या वचनाची पाटी होती, नाताळात ताराही लागायचा. पण सोमवार ते शनिवार घरात नुसती धुसफूस. उपासना पुन्हा सुरू केली तेव्हा जे टिकलं, तेच इथे सांगते.

1. उपासना जेवणाला जोडा. 'रोज रात्री नऊ' हे ठरतं आणि मोडतं. कुणी ट्रेनमध्ये असतं, कुणाचा क्लास असतो. जेवण झालं की हात धुऊन सगळ्यांनी परत तिथेच बसायचं. मोबाइल फ्रिजवर. 10 मिनिटं पुरतात.

2. बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानापासून वाचा. त्याचे अध्याय 16च आहेत, प्रसंग भराभर पुढे जातात, त्यामुळे मुलं कंटाळत नाहीत. रोज एकच प्रसंग, वाचणारा रोज वेगळा. अडलेल्या शब्दावर थांबा. पुढे आम्ही पौलाची पत्रं घेतली. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बापांना सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका. "चिरडीस म्हणजे?" मुलीने विचारलं. तिच्या बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काल गणिताच्या वहीवरून मी तुला जे बोललो ना, ते. चुकलं माझं." ती काही बोलली नाही, पण त्या रात्रीची प्रार्थना तिने आपणहून केली.

3. माफी प्रार्थनेच्या आधी मागा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी भावाशी समेट कर. घरात हाच क्रम पाळा. नवरा-बायकोचं भांडण मुलांसमोर झालं असेल, तर माफीही त्यांच्यासमोरच मागा. भांडण तेवढं बघितलं आणि समेट बंद दाराआड झाला, तर मुलं क्षमा शिकणार कुठून? आणि "चुकलं माझं" याला "पण तूही..." जोडू नका.

4. एक गीत म्हणा, दोन कडवी. घरात आजी-आजोबा असतील तर निवड त्यांची.

5. न बसणाऱ्याला ओढून आणू नका. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली वर्षं दोघांसाठी फार दुःखाची होती, पण लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या मनाने. कॉलेजातला मुलगा उठून गेला तर जाऊ द्या. प्रार्थनेत त्याचं नाव प्रेमाने घ्या, टोमणा म्हणून नको. आपण देवाशी बोलतोय असं दाखवत मुलाला सुनावणं मी स्वतः केलंय. ते त्याला बरोबर कळतं.

6. उपासनेवरून उठल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्याकडे बघा. मला सगळ्यात जास्त इथेच बोलायचंय. घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे का? आमच्याकडे होता. कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण सगळे पाळत होते. आपल्यातल्या कित्येकांच्या आजे-पणज्यांना पाणी वरून ओतून मिळत होतं. देवळात प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीतून खाणाऱ्या आपल्या घरात हा दुसरा कप असेल, तर रात्रीच्या प्रार्थनेला काय अर्थ उरतो? तो कप काढून टाका. मुलांनी विचारलं तर खरं कारण सांगा. कामवाल्या मावशींना मुलं 'अहो मावशी' म्हणतात की नुसतं 'ए', तेही ऐका. पगार ठरल्या तारखेला द्या.

पहिल्या दिवशी मावशी आमच्या टेबलाशी खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, कप दोन्ही हातांत धरून. आता त्या मुलीला हाक मारून सांगतात, "साखर कमी पडली गं."