सनशाइन सॅलड: गाजर-अननसाची जुन्या वळणाची अमेरिकन जेली

पहिल्यांदा हे सॅलड केलं तेव्हा मी मुद्दाम ताजा, घमघमणारा अननस आणला. डब्यातला कशाला, असा माझा तोरा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी झाकण काढलं, तर आत पिवळं सरबत आणि तळाशी गाजराचा किस. आणखी दोन तास ठेवलं. सरबत अजून गार झालं, एवढंच.

चूक अननसाचीच होती. जेली जिच्यामुळे गोठते ती पूड, म्हणजे जिलेटिन, हे प्रथिन आहे आणि ताज्या अननसातलं ब्रोमेलिन नावाचं विकर (एन्झाइम) प्रथिनाचे बारीक तुकडे करून टाकतं. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्च्या पपईचा गर चोळून ठेवतो ना, तसाच हा प्रकार. प्रथिनाचं जाळं विणलंच जात नाही, मग पाणी अडणार कशात? पपई, किवी, ताजं अंजीर आणि ताजं आलंही असाच दगा देतात. डबाबंद अननस मात्र उष्णता देऊनच भरलेला असतो, त्यामुळे त्यातलं विकर निकामी झालेलं असतं. ताजाच वापरायचा असेल तर बारीक चिरून, थोडं पाणी-साखर घालून, शिऱ्यासाठी शिजवतो तसा पाचेक मिनिटं चांगला उकळू द्या.

आता या गोड, थुलथुलीत पदार्थाला सॅलड का म्हणायचं? जिलेटिनची पूड बाजारात येण्याआधी अशी जेली करायची म्हणजे वासराचे पाय तासन् तास उकळायचे, वरची चरबी काढायची, अंड्याच्या पांढऱ्यात ते पाणी निवळायचं. नोकरचाकर असलेल्या घरांचंच ते काम. 1897 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ली रॉय गावात पर्ल वेट या खोकल्याची औषधं करणाऱ्या माणसाने फळांच्या स्वादाची, साखर घातलेली पूड तयार केली. त्याच्या बायकोने तिला ‘जेल-ओ’ नाव दिलं. धंदा काही जमेना, म्हणून 1899 मध्ये त्याने ती अवघ्या 450 डॉलरला विकून टाकली. पुढे घरोघरी फ्रिज आले आणि अमेरिकन गृहिणींनी कोबी, सेलरी, गाजर, जे हाताला लागेल ते जेलीत गोठवायला सुरुवात केली. 1930 मध्ये हिरव्या लिंबाचा, म्हणजे लाइमचा, स्वाद आला, तो अशा सॅलडांना चांगलाच मानवला. असं सॅलड गोडाच्या वाटीत नाही, जेवणाच्या ताटात वाढतात, म्हणून ते सॅलड. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या टेबलावर भाजलेल्या टर्की पक्ष्याशेजारी किंवा चर्चच्या सामुदायिक जेवणात आजही ते दिसतं.

सनशाइन सॅलड त्यातलं सगळ्यात समजूतदार. लिंबाची जेली, अननस आणि किसलेलं गाजर. आपल्या गाजराच्या कोशिंबिरीची लांबची चुलतबहीण म्हणा.

सहा जणांसाठी साहित्य (कप 240 मिलीचा):

बिनस्वादाची जिलेटिन पूड 14 ग्रॅम
डबाबंद अननस, निथळून बारीक चिरलेला, 1 कप
त्याच डब्यातला पाक 1 कप
गार पाणी अर्धा कप, उकळतं पाणी 1 कप
साखर साधारण अर्धा कप
लिंबाचा रस पाव कप, चिमूटभर मीठ
गाजराचा बारीक किस 1 कप

गाजर केशरी घ्या. लाल गाजराचं सनशाइन कसलं! पाक फार गोड असेल तर साखर कमी करा. जेली गार झाल्यावर गोडवा थोडा कमी जाणवतो, तेही लक्षात ठेवा.

अर्धा कप गार पाणी रुंद वाडग्यात घ्या आणि त्यावर जिलेटिन भुरभुरवा. पूड आधी टाकून वर पाणी ओतलंत तर गुठळ्या होतील आणि त्या मोडता मोडता जीव जाईल. पाच मिनिटांत पूड फुगून ओल्या साबुदाण्यासारखी दिसू लागते. आता त्यावर उकळतं पाणी ओता, साखर-मीठ घाला आणि दोन मिनिटं ढवळा. चमचा उचलून उजेडात धरा. त्यावर एकही कण दिसता कामा नये. जिलेटिन घातलेलं पाणी गॅसवर ठेवून उकळत बसू नका, त्याची पकड सैल पडते. मग पाक आणि लिंबाचा रस घालून चव बघा आणि वाडगं फ्रिजमध्ये ठेवा.

यापुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घाई नेमकी इथेच होते. फळं लगेच घातलीत तर किस आणि अननस वेगवेगळ्या उंचीवर जाऊन बसतात आणि कापल्यावर थर दिसतात. पाऊण तासाने वाडगं हलवून बघा, मग दर दहा मिनिटांनी. न फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट झालं, चमच्यावरून सलग न पडता लोंबत पडायला लागलं, की वेळ झाली. त्यात अननस आणि किस हलक्या हाताने मिसळा. सगळं जिथल्या तिथे तरंगत राहतं. उशीर होऊन कडेला गठ्ठे धरले असतील तर वाडगं कोमट पाण्यात ठेवून ढवळा, पुन्हा पातळ होईल. जिलेटिनचा हा मोठा गुण आहे.

साचा म्हणून मधे भोक असलेलं केकचं भांडं छान. नसेल तर स्टीलचं वाडगं घ्या, धातू लवकर तापत असल्याने जेली सुटायला सोपी जाते. आतून तेलाचं बोट फिरवा, मिश्रण ओता, झाकून किमान सहा तास ठेवा. मी रात्रभर ठेवते.

उलटवताना जेलीची कड ओल्या बोटाने सगळीकडून सैल करा. साचा काठापर्यंत कोमट पाण्यात दहा-बारा सेकंद धरा, जास्त नाही. ताटली आधी ओली करून घ्या, म्हणजे जेली एका बाजूला पडली तरी सरकवून मध्यभागी आणता येते. ताटली साच्यावर पालथी ठेवा, दोन्ही एकदम उलटवा, एक हलका झटका द्या. ‘फस्’ असा आवाज आला की सुटली. खाली लेट्युसची पानं आणि वर मेयोनीजचा एक चमचा, ही खरी जुनी पद्धत. मेयोनीजबद्दल माझं मत विचारू नका.

जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात, म्हणून पाहुणे शाकाहारी असतील तर चायना ग्रास वापरा. तेवढ्याच पाण्याला आणि पाकाला चहाचे दोन चमचे पूड लागते. ती मात्र गार पाण्यात घालून दोन-तीन मिनिटं नीट उकळावीच लागते आणि लिंबाचा रस गॅस बंद केल्यावरच घालायचा. पाक कोमट करून ओता आणि फळंही फ्रिजमधली थेट घालू नका, कारण हे मिश्रण बाहेरच, 35-40 अंशांच्या आसपास जमायला लागतं. समुद्री शेवाळापासून काढलेलं असल्याने त्यात प्रथिनाचं जाळं नसतं, त्यामुळे ताजा अननसही चालतो. पोत मात्र खरवसाच्या वडीसारखा कापला जाणारा, थुलथुल कमी.

जिलेटिनची जेली पस्तीस अंशांच्या आतच वितळते. म्हणजे नागपुरात मे महिन्यात पानं मांडून झाल्यावरच ती फ्रिजमधून काढायची. उरली तर झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. फ्रीझरमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सोडते. आणि उलटवताना मोडलीच तर चौकोनी तुकडे करून वाट्यांतून वाढा. मी चारदा तसंच केलंय.