उन्हाळ्यात कथा लिहायची? शेवट आधी ठरवा

पहिल्यांदा कथा लिहिणारे बरेचजण एकाच धास्तीने अडतात: वाचकाने शेवट ओळखला तर? ओळखू द्या. पंचवटीत कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला कांचनमृगानंतर काय घडतं ते पाठ असतं. तरी राम धनुष्य उचलून निघतो तेव्हा मांडवात चिडीचूप होतं, कारण सगळ्यांना त्याला थांबवावंसं वाटत असतं. नवख्या लेखकाला तर ठरलेल्या शेवटाचा मोठाच आधार असतो. मध्येच कथा भरकटली तरी जायचं कुठे हे माहीत असतं.

मे महिन्याच्या सुट्टीत एक कथा नीट होते. कादंबरीच्या नादी लागू नका.

१. आधी वाचा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. तिथे किंवा जवळच्या कुठल्याही वाचनालयात जुने दिवाळी अंक चाळा. पाच-सहा कथा निवडा. शेवट कोणत्या पानावर ओळखलात ते वहीत टिपा आणि तरीही पुढे का वाचलंत, तेही लिहा.

२. शेवट एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: ‘निफाडकडचा एक शेतकरी कांदाचाळीत साठवलेला कांदा पडेल त्या भावात विकतो.’

३. माणसाला शेवटाच्या उलट आशा द्या. इथे घाई करू नका, कथा इथेच उभी राहते. एप्रिल-मे मध्ये उन्हाळ कांदा काढून चाळीत भरतात, पुढे भाव चढेल या भरवशावर. आपल्या शेतकऱ्याला दिवाळीनंतर मुलीचं लग्न करायचंय. ‘आत्ता नाही विकायचा,’ तो म्हणतो. वाचकाला तिथेच अंदाज येतो. आता हा अंदाज लपवू नका, वाढवत न्या. पाऊस लागतो, हवा दमट होते. मुलीची आई आठवड्याला चाळीत शिरून सडका कांदा पाटीत वेचते. आधी अर्धी पाटी, मग भरून. नवरा विचारतो, ‘किती निघाला?’ ती म्हणते, ‘थोडा.’ पाटी मात्र ती घरामागून नेते. वाचक त्या ‘थोडा’पाशी थबकेल, कारण खरं काय ते त्याला कळलेलं आहे आणि बापाला नाही.

४. सुटकेची एक खरी संधी ठेवा. मध्यावर भाव थोडा चढू द्या. मुलगी म्हणते, ‘बाबा, विकून टाका.’ तो आणखी आठ दिवस थांबतो, तेही तिच्याचसाठी. हे नसेल तर शेवट नुसता नशिबावर ढकलल्यासारखा होतो. मला अशा कथा अजिबात पटत नाहीत.

५. शेवटच्या पानावर वाचकाला न सुचलेली एक गोष्ट हवी. लासलगावचा लिलाव, व्यापारी ट्रॉलीतले दोन कांदे हातात दाबून भाव बोलतो. हे अपेक्षितच. पण बाप रडत नाही की भांडत नाही. खाली पडलेले कांदे उचलून परत ट्रॉलीत टाकतो. घटना वाचकाने ओळखलेली, हालचाल मात्र तुमची.

६. वेळ. पहाटे, ऊन चढायच्या आत लिहा. दुपारी फक्त वाचून खुणा करा. पहिला खर्डा झाला की आठवडाभर वही बंद ठेवा.

दुरुस्त करताना शेवट लपवण्यासाठी घातलेली वाक्यं शोधा आणि काढा. अचानक आलेलं पत्र, योगायोगाने भेटलेला मित्र, सगळं. जूनअखेर स्वच्छ प्रत तयार झाली तर दिवाळी अंकाकडे पाठवायला उशीर होत नाही. एक प्रत स्वतःकडे ठेवा.