चाळीतून टॉवरमध्ये राहायला जाताना

१९६२ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटीतून एमआयडीसीची (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची) सुरुवात झाली आणि तिथल्या कारखान्यांत लागलेल्या कामगारांची बिऱ्हाडे आसपासच्या चाळींत थाटली गेली. त्यांची मुले-नातवंडे आता घोडबंदर रोडवर फ्लॅट घेत आहेत, त्यांतलाच मी एक. असे घर घेणारा माणूस बहुधा खानदानातला पहिलाच असतो, त्यामुळे विचारावे असा जाणता कुणी घरात नसतो. त्याच्यासाठी हे लिहीत आहे.

बँक पगार पाहून हप्ता ठरवते. पण गावी जाणारे पैसे, धाकट्या बहिणीची फी किंवा चुलत्यांच्या ऑपरेशनला लावलेला हातभार पगारपत्रकात दिसत नाही. म्हणून गेल्या बारा महिन्यांत नात्यागोत्यात दिलेली रक्कम कागदावर मांडावी, तिची महिन्याची सरासरी पगारातून आधी वजा करावी आणि मगच हप्त्याचा आकडा धरावा. उसने दिलेले पैसेही त्यात मोजावेत. ते परत येतील या भरवशावर घर घेऊ नये.

मेंटेनन्सचे बिल टोकन देण्यापूर्वीच मागून पाहावे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे हाउसिंग सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या निधीसाठी) आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी आकारला जातो, आणि थकबाकीवर व्याजही लागू शकते. चाळीत भाडे थकले तर मालकाला भेटून मुदत मागता येत असे. इथे थकबाकीदारांची यादी लिफ्टशेजारी लागते. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते, तिला जावे आणि न कळलेली बाब खुशाल मराठीत विचारावी.

खरी अडचण घरातल्या वडीलधाऱ्यांची होते. चाळीत दिवसभर दार उघडे असायचे. नव्या घरात पहिल्याच आठवड्यात आई दार उघडे टाकून उंबऱ्याशी लसूण सोलत बसली, तेव्हा समोरच्या बाईंनी काळजीने विचारले, "काही प्रॉब्लेम झालाय का?" त्यानंतर तिने दार लावून घेतले ते लावूनच घेतले. तिची जुन्या चाळीतली भिशी मी बंद करायला लावली होती, ती माझी चूक होती. भिशी चालू ठेवावी. महिन्यातून एकदा तिकडे जायला तेवढे निमित्त पुरते.

गेटच्या अ‍ॅपवर नातेवाइकांचे नंबर आधीच नोंदवून ठेवावेत आणि पहिल्या खेपेला स्वतः खाली उतरून त्यांना वर आणावे. मी उतरलो नव्हतो. वॉचमनने मामांच्या हातातली तांदळाची गोणी पाहून त्यांना सर्व्हिस लिफ्टकडे पाठवले. मामा त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, पण आता येण्यापूर्वी ते फोन करून विचारतात, "येऊ ना?"