दुकानासाठी बिलिंग सॉफ्टवेअर घेताय? या चुका टाळा

पहिली चूक आमच्याच दुकानातली. डेमो बाबांनी एकट्याने पाहिला. महिन्याचा नफा, रंगीत आलेख, मोबाइलवर हिशेब, बाबा खूश. पण बिलं करणार होती काउंटरवरची ताई, आणि तिला कोणी विचारलंच नाही. नग बदलायचा म्हटलं की प्रत्येक वेळी माउस धरायचा. संध्याकाळी सातला रांग दारापर्यंत. आठवडाभरात तिने गुपचूप कॅल्क्युलेटर बाहेर काढला.

म्हणून डेमोला खुर्चीवर तिलाच बसवा. पाव किलो सुटी तूरडाळ, एक परत आलेला साबण आणि ‘थांबा, दही राहिलं’ म्हणत आत पळालेलं गिऱ्हाईक, एवढं तिच्यापुढे ठेवा. अर्धवट बिल बाजूला ठेवून पुढच्याचं करता येत नसेल, तर बाबांचा आलेख काय कामाचा?

स्कॅनर ‘बीप’ करतो पण वस्तू सापडत नाही? लगेच नवा आणू नका. कॉम्प्युटरच्या लेखी बहुतेक स्कॅनर म्हणजे भराभर टाइप करणारा कीबोर्डच. नोटपॅड उघडून स्कॅन करा. आकडे देवनागरीत उमटले, तर कीबोर्डची भाषा मराठीवर राहिली आहे. आकडे बरोबर येऊन कर्सर त्याच ओळीत थांबला, तर आकड्यांनंतर स्कॅनरने आपोआप द्यायचं एंटर बंद आहे. ते चालू करण्यासाठी स्कॅन करायचा बारकोड त्याच्या माहितीपुस्तिकेत असतो.

बिलावर मराठी नावांऐवजी प्रश्नचिन्हं येतात, कारण बऱ्याच थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. बिल चित्र म्हणून छापायची सोय आहे का बघा. जरा हळू छापतं, पण वाचता येतं.

जीएसटीचा दर एकेका वस्तूवर भरू नका, गटावर भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं, तेव्हा आम्ही रात्री दोनपर्यंत एकेक साबण शोधत बसलो होतो. वर आमच्या सॉफ्टवेअरने जुन्या बिलांवरचाही दर बदलून टाकला! सीएंनी फोनवर काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. दर बदलल्यावर जुनं बिल उघडून दाखवायला सांगा.

आणि उधारीची यादी तुमच्यासमोर एक्सेलमध्ये काढून मागा. ‘ते आम्ही करून देऊ’ असं उत्तर आलं, तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका.