कॅम्पर ट्रेलरच्या खिडकीची जाळी किंवा पडदा अडकतो तेव्हा : या चुका टाळा

साताऱ्यात गोडोली भागात मी ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि डासांच्या जाळ्या बनवतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यानंतर कास, बामणोली, तापोळा या बाजूला मुक्कामाला जाणारे कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची राहण्याची खोली, माझ्या शेडवर येऊ लागले. तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे खिडकीची जाळी किंवा पडदा अडकतो. तपासणी केल्यावर असे दिसते की मूळ बिघाड किरकोळ होता आणि खरे नुकसान तो दुरुस्त करण्याच्या घाईत झाले. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहून वाईट वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी रचना समजून घ्यावी. बहुतेक ट्रेलरमध्ये खिडकीच्या आतल्या बाजूने एक चौकट बसवलेली असते. तिच्या एका टोकाच्या पेटीत जाळीची गुंडाळी आणि दुसऱ्या टोकाच्या पेटीत पडद्याची गुंडाळी असते. दोन्ही गुंडाळ्यांच्या नळीत स्प्रिंग असते. जाळीच्या आणि पडद्याच्या टोकाला ओढपट्टी असते, आणि तिची दोन्ही टोके बाजूच्या चॅनेलमधून, म्हणजे खाच असलेल्या उभ्या पट्ट्यांमधून, सरकतात. काही चॅनेलमध्ये लोकरीसारखी मऊ पट्टी असते, जिला आम्ही वूलपाइल म्हणतो. धूळ आणि डास तिथेच अडतात, म्हणून सगळी घाणही तिथेच साठते.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे अडकलेल्या चॅनेलमध्ये तेल सोडणे. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मिरजेचे एक कुटुंब ट्रेलर घेऊन आले. यवतेश्वर, कास करून ते बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठी तीन रात्री राहिले होते. पहिल्या रात्री जाळी अर्ध्यावर थांबली, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी चॅनेलमध्ये रिकामी केली. जाळी लगेच सरकली आणि उपाय बरोबर ठरला असे सर्वांना वाटले. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी ठेवून त्यांनी आजूबाजूच्या कच्च्या रस्त्यांवरून ट्रेलर फिरवला आणि संध्याकाळी जाळी पुन्हा अडकली, म्हणून या वेळी खोबरेल सोडले गेले. तिसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने ओढपट्टी दोन्ही हातांनी खेचली, तेव्हा जाळी एका बाजूने उसवून पट्टी हातात आली. माझ्याकडे आल्यावर ते म्हणाले, “मिस्त्री, तेल भरपूर सोडलंय, तरी जाळी हलंना झालीय.”

चौकट उतरवून पाहिली तेव्हा चॅनेलमध्ये विटकरी रंगाचा घट्ट लगदा भरलेला होता. कासच्या पठारावरचा दगड जांभा आहे आणि त्याची लोहयुक्त धूळ खरखरीत असते. कोरडी असते तोवर ती ब्रशने झडते, पण तेलात कालवली की गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासण्यासाठी वापरतात त्या पेस्टसारखी ती काम करते आणि ओढपट्टीची प्लॅस्टिकची टोके झिजवत राहते. सांगलीकडच्या काळ्या मातीची गोष्ट वेगळी आहे. ती बारीक आणि चिकण असल्यामुळे तेलात किंवा दमट हवेत तिचा लेपच बसतो. त्या कुटुंबाच्या चौकटीतली वूलपाइल पूर्ण चिकटून गेली होती, तेल झिरपून पडद्याच्या चंदेरी थरावर डाग पडले होते आणि जाळी टाकून द्यावी लागली. कोमट पाणी, भांडी घासायचा पातळ साबण, दात घासायचा जुना ब्रश आणि बांबूची चोय घेऊन दीड दिवस मी फक्त तो लगदा काढत होतो. पहिल्या रात्री दहा मिनिटे कोरडा ब्रश फिरवला असता तर यातले काहीच घडले नसते, हे त्यांना सांगताना मलाच जड गेले.

अनेक जण विचारतात की तेल नको तर डब्ल्यूडी-४० चालेल का. १९५३ मध्ये ते द्रव्य पाणी हटवण्यासाठी तयार झाले आणि त्याच्या नावाचा अर्थही पाणी हटवणारे चाळिसावे मिश्रण असाच आहे. गंजलेला नट सोडवायला ते मीही वापरतो, पण त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि धूळ धरतो, म्हणून जाळीच्या चॅनेलमध्ये मी ते घालत नाही. माझा क्रम ठरलेला आहे. आधी रंगाच्या जुन्या कोरड्या ब्रशने चॅनेल वरून खाली झाडायचा, मग निमुळत्या नळीचा व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा, मग ओल्या आणि पिळलेल्या फडक्याने पुसून चॅनेल पूर्ण वाळू द्यायचा. एवढ्यावर काम झाले तर तिथेच थांबायचे. तरीही पट्टी खरखरत असेल तर सिलिकॉनचा स्प्रे फडक्यावर मारून ते फडके चॅनेलच्या आतल्या भिंतीवर एकदा फिरवायचे. स्प्रे थेट चॅनेलमध्ये मारू नये, कारण तो जाळीवर, भिंतीवर आणि जमिनीवर उडतो. जमीन निसरडी होते आणि नंतर त्या जागी सीलंट किंवा रंग धरत नाही.

दुसरी चूक म्हणजे पडदा कुठे आणि केव्हा अडकतो हे न पाहता थेट कानस हातात घेणे. दुपारी अडकणारा आणि पहाटे सुरळीत चालणारा पडदा बिघडलेला नसतो. एक मीटर लांबीची प्लॅस्टिकची पट्टी ३० अंशांनी तापली की सुमारे २ मिलिमीटरने वाढते, तेवढ्याच लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी मात्र पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. जत, आटपाडीच्या उन्हात उभ्या असलेल्या ट्रेलरची प्लॅस्टिकची चौकट अशी वाढते आणि स्क्रू घट्ट आवळलेले असतील तर तिला जायला जागा नसल्यामुळे मध्ये फुगते. उपाय एवढाच आहे की स्क्रू अर्धा वेढा सैल करून पाहावे. हे स्क्रू चौकट जागेवर धरण्यापुरतेच असतात. ड्रिल मशीनने ते पिळणाऱ्या कारागिराला मी माझ्या शेडमध्ये मशीन बाजूला ठेवायला सांगतो आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर देतो.

घरासमोर चालणारी जाळी मुक्कामी गेल्यावर अडकत असेल तर खिडकीला हात लावण्याआधी ट्रेलर कसा उभा आहे ते पाहावे. तापोळ्याच्या बाजूला सपाट जागा कमी आहेत, आणि उतारावर उभा केलेला ट्रेलर कोपऱ्यातले जॅक फिरवून उचलण्याचा मोह अनेकांना होतो. ते जॅक ट्रेलर हलू नये म्हणून दिलेले असतात, वजन उचलण्यासाठी दिलेले नसतात. एकाच कोपऱ्याचा जॅक जास्त फिरवला की सगळे अंग किंचित पिळते, आणि त्या अंगात बसवलेल्या खिडकीचा चौकोन तिरका होतो. टेपने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. फरक दिसला तर चाकाखाली फळी घालून ट्रेलर समपातळीत आणावा, मग जॅक फक्त टेकवावेत आणि पुन्हा कर्ण मोजावेत. मी स्वतः दर वेळी हेच आधी करतो, आणि पुष्कळदा पेटी उघडण्याची वेळच येत नाही.

स्प्रिंगबद्दल मात्र मला माझीच चूक सांगितली पाहिजे. या कामाच्या पहिल्या वर्षी एका ग्राहकाचा पडदा सैल पडत होता, म्हणून मी पेटीचे स्क्रू काढून नळी सरळ बाहेर ओढली. नळीच्या एका टोकाला साधी गोल पिन असते आणि दुसऱ्या टोकाला चपटी पिन असते. ही चपटी पिन पेटीच्या खाचेत अडकलेली असते म्हणून स्प्रिंग ताणलेली राहते. मी पिन धरली नव्हती. खाचेतून सुटताच ती गरगर फिरली आणि क्षणात सगळा ताण निघून गेला. किती वेढे होते हे मला ठाऊक नव्हते, म्हणून अंदाजाने भरपूर वेढे दिले आणि पडदा झटकन वर जातो हे पाहून समाधानाने ट्रेलर परत दिला. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हातून ओढपट्टी सुटली, इतक्या जोरात वर आदळली की पेटीचे टोक फुटले आणि पडद्याचे कापड नळीवरून निखळले. मी पदरचे पैसे घालून नवी चौकट बसवून दिली, पण त्यांची आखलेली सहल गेली, आणि त्याची खंत मला आजही आहे.

तेव्हापासून मी पेटी उघडतानाच चपटी पिन पक्कडीत धरतो, तिच्या एका कडेला मार्करने खूण करतो आणि एकेक वेढा मोजत ताण सोडतो. तो आकडा कागदी चिकटपट्टीवर लिहून पेटीच्या आत चिकटवतो, म्हणजे पुढे कोणीही उघडले तरी त्याला तो मिळतो. आकडा हरवला असेल तर एका वेळी दोनच वेढे द्यावेत आणि प्रत्येक वेळी पडदा हाताने सावकाश वर सोडून पाहावा; शेवटची वीतभर वाट तो स्वतःहून हळूहळू पूर्ण करू लागला की थांबावे. जाळी आणि पडदा खटक्याने एकमेकांना जोडलेले असतील तर दोन्ही स्प्रिंगचा तोल साधावा लागतो. जोडलेली पट्टी मधोमध सोडल्यावर जाळीच्या पेटीकडे सरकत असेल तर सहसा पडद्याची स्प्रिंग सैल पडलेली असते, आणि अशा वेळी जाळीची पेटी उघडण्याचे काही कारण नाही.

काही ट्रेलरमध्ये गुंडाळीऐवजी घड्या पडत मिटणारे चुण्यांचे पडदे असतात, त्यांना स्प्रिंग नसते. ते पातळ नायलॉनच्या दोऱ्यांवर ताणलेले असतात. दोरी तुटली की घरातली सुतळी किंवा जाड दोरा ओवला जातो, तो चुण्यांची छिद्रे फाडतो आणि पडदा तिरका चालतो. मूळ दोरी बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असते, तेवढीच बारीक नायलॉनची दोरी आणावी. जुनी दोरी काढण्याआधी तिच्या वाटेचा फोटो घ्यावा, कारण एका बाजूने आत गेलेली दोरी ओढपट्टीतून आडवी जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि हे आडवे जाणेच पडदा समांतर ठेवते.

ओढपट्टी कोपऱ्याला धरून ओढू नये. मध्ये धरावी, आणि खिडकी रुंद असेल तर दोन्ही हात वापरावेत. फाटलेल्या जाळीच्या जागी घराच्या खिडकीची जाड जाळी घालू नये, कारण तिची गुंडाळी मोठी होऊन पेटीत अडकते. फायबरची बारीक जाळीच घ्यावी. खिडकीची तावदाने बहुधा ॲक्रिलिकची असतात, त्यामुळे त्यांच्यावर थिनर, पेट्रोल किंवा स्पिरिट लावू नये, नाहीतर त्यांना कायमच्या बारीक चिरा पडतात. भर उन्हात पडदा पूर्ण बंद करून ट्रेलर सोडून जाऊ नये, कारण तावदान आणि पडदा यांच्यामध्ये कोंडलेली उष्णता दोन्ही वाकवते. चार बोटे फट ठेवावी. पावसात भिजलेला पडदा गुंडाळून ठेवल्यास महाबळेश्वरच्या हवेत त्याला काही दिवसांत बुरशी धरते.

ट्रेलर पावसाळाभर उभा राहणार असेल तर जाळी आणि पडदा दोन्ही कोरडे करून आपापल्या पेटीत गुंडाळून ठेवावेत, म्हणजे स्प्रिंग महिनोन्महिने ताणलेली राहत नाही. दुरुस्तीला आणताना, पेटी आधीच उघडली गेली असेल तर सुटलेले स्क्रू, पिनांच्या टोप्या आणि तुटलेले प्लॅस्टिकचे तुकडे एका डबीत घालून आणावेत, आणि चौकट कोणत्या खिडकीची आहे व तिची वरची बाजू कोणती हे चिकटपट्टीवर लिहून तिलाच चिकटवावे.