बोका शेजारच्या मागावर चढायचा, त्यावर केलेला उपाय

बेळगावच्या वडगावात अजून कितीतरी घरांत साड्या विणायचे माग चालतात. आमच्या शेजारच्या काकांचाही आहे. आमचा बोका कौलांवरून त्यांच्या माळ्यावर आणि तिथून थेट मागावर उतरायचा. ताण्याचे, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे नखांनी तुटले की एकेक टोक शोधून गाठ मारत बसावं लागतं. साडी अडकते, मजुरी बुडते. काकांचा राग रास्तच होता. बोलणं बंद झालं, मग काठी निघाली.

आधी गेले ती भरपाई घेऊन. सुताचे पैसे आणि बुडालेली मजुरीही. काकूंनी सांगितला तोच हिशेब धरला, घासाघीस केली नाही. त्याशिवाय पुढचं बोलणं झालंच नसतं.

मग बोक्याची नसबंदी केली. त्यानं भटकणं आणि जागोजागी मुतणं बरंच कमी होतं, पण लगेच नाही. अंगातले हार्मोन ओसरायला काही आठवडे जातात. हे काकांना आधीच सांगून ठेवलं. संध्याकाळचं खाणं घरात आणि लगेच दार बंद. नखांची फक्त टोकं कापते, आतली गुलाबी शीर सांभाळून. त्यांच्या माळ्याच्या झरोक्याला आमच्या खर्चानं जाळी ठोकली. खरा फरक तिनंच पडला.

गल्लीत कुणी डांबरगोळ्या टाकायला सांगत होतं. त्या मांजराला विषारी असतात, मुळीच टाकू नका. विष घालून मारणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे.

परवा काकांनीच हाक मारली, "जाळीचा खिळा सुटलाय गं, पोराला हातोडी घेऊन पाठव."