ग्राफ पेपरवरचं वर्गसमीकरण: पीयूसी सायन्सला जाणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमातली मुलं एसएसएलसीनंतर (कर्नाटकातली दहावी) पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्सला गेली की गणित एकदम इंग्रजीतून सुरू होतं. सुरुवातीला निम्मं डोक्यावरून जातं. फळ्यावरचा पॅराबोला (वर्गसमीकरणाचा वाटीसारखा वक्र) मात्र वाचता येतो, भाषा कुठलीही असो. मी खानापूर भागात शिकवण्या घेतो. नव्या मुलांना सांगतो, सूत्र पाठ आहे ना? मग थोडे दिवस ते बाजूला ठेवा आणि ग्राफ पेपर घेऊन या.

क्ष² − क्ष − २ = ० घेऊ. य = क्ष² − क्ष − २ असं लिहून क्ष ला −२, −१, ०, १, २, ३ या किमती द्यायच्या. य येतो ४, ०, −२, −२, ०, ४. पुढून वाचा नाहीतर मागून, सारखंच. तसं जमत नसेल तर बिंदू मांडायच्या आधीच तक्ता तपासा. बहुतेक वेळा (−२)² चे −४ झालेले असतात.

"सर, झालं की!" म्हणत वही पुढे येते. बघावं तर (०, −२) आणि (१, −२) पट्टीने जोडलेले, पॅराबोला परातीसारखा बुडाला सपाट! मध्ये क्ष = ½ घेतला तर य = −२¼ मिळतो. तोच शिरोबिंदू, वक्राचा सगळ्यात खालचा बिंदू. अ·क्ष² + ब·क्ष + क मध्ये तो क्ष = −ब/२अ ला असतो. म्हणून आधी तो काढायचा, मग त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर किमती घ्यायच्या. पट्टी फक्त अक्षांपुरती, वक्र हातानेच. तो क्ष-अक्षाला −१ आणि २ ला छेदतो, हीच मुळं, म्हणजे समीकरणाची उत्तरं.

मला स्वतःला दुसरी रीत जास्त आवडते. य = क्ष² एकदाच नीट काढून ठेवायचा आणि समीकरणातला उरलेला भाग उजवीकडे नेऊन सरळ रेषा म्हणून त्यावर मारायचा. वरच्या गणितात य = क्ष + २ ही रेषा वक्राला (−१, १) आणि (२, ४) मध्ये छेदते. क्ष² − ४क्ष + ४ = ० साठी य = ४क्ष − ४ मारा, ती वक्राला (२, ४) ला नुसती टेकते. क्ष² − २क्ष + ३ = ० ची य = २क्ष − ३ खालूनच निघून जाते, वास्तव मूळ नाही. विवेचक (ब² − ४·अ·क) धन, शून्य, ऋण म्हणजे काय ते एकाच कागदावर दिसतं.

नेमक्या उत्तरासाठी मात्र ग्राफवर विसंबू नका. क्ष² − क्ष − १ = ० ची मुळं कागदावर १.६ आणि −०.६ च्या आसपास दिसतील. (१ ± √५)/२ हवं असेल तर सूत्रच लागतं.

मग हा खटाटोप कशाला? सीईटीला (कर्नाटकातली इंजिनिअरिंग वगैरेची प्रवेश परीक्षा) गणिताचे ६० प्रश्न, ८० मिनिटं. तिथे ग्राफ पेपर नसतो, पण कच्ची आकृती काढून मुळं किती आणि कुठल्या चिन्हाची ते चटकन कळतं. पुढे इंटिग्रेशन (संकलन) शिकलात की वक्र आणि रेषेमधलं क्षेत्रफळही काढता येतं. आपल्याच य = क्ष² आणि य = क्ष + २ मधलं ४.५ चौरस एकक येतं. मर्यादा −१ ते २, म्हणजे तीच मुळं. १ सेंमी = १ एकक घेतलं असेल तर आताच चौकोन मोजून बघा, साधारण साडेचार भरतील.